काय पडलं ते सांग

प्रवासात शेजारच्या माणसाला मी पायलट आहे हे कळलं, की त्याचा पहिला प्रश्न माझ्या लग्नाबद्दल असतो आणि दुसरा हवेतल्या खड्ड्यांबद्दल. पहिल्याचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचं देते, आणि देताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. हवेत खड्डे नसतात. खड्डे आमच्या नाशिकच्या द्वारका सर्कलला असतात. पाटाच्या पाण्यात दगड आला की पाणी त्याच्यावरून उसळतं आणि पलीकडे गरगरतं, तशीच हवा डोंगर ओलांडताना उसळते आणि पलीकडच्या अंगाला गरगरते. त्या गरगरीत विमान सापडलं की हलतं. एवढंच आहे ते. पण लोकांना खड्डाच हवा असतो.

किती हलतं, हे सांगणं मात्र सोपं नाही. आमच्या धंद्यात त्यासाठी चार शब्द आहेत आणि जगभर तेच चालतात: लाइट, मॉडरेट, सिव्हिअर आणि एक्स्ट्रीम. पुढच्या विमानानं रेडिओवर यातला एक शब्द सांगायचा. सोबत जागा, उंची आणि आपलं विमान कोणतं तेही सांगायचं, कारण मोठ्या जेटला जे लाइट वाटतं त्यानं चार सीटांच्या विमानाची हाडं खिळखिळी होऊ शकतात. मागचा पायलट त्या शब्दावर विसंबून ठरवतो, की सरळ यायचं का वळसा घ्यायचा. हवा डोळ्यांना दिसत नाही, आणि निदान आमच्या त्या छोट्या विमानात तरी ती दाखवणारं काही यंत्र नव्हतं. पुढच्या माणसाचा शब्द हाच काय तो आधार.

आणि माणूस म्हटला की लबाडी आलीच. पायलट मंडळींना सिव्हिअर म्हणायची फार लाज वाटते. सिव्हिअर म्हणणं म्हणजे आपली टरकली हे चारचौघांत कबूल करणं. त्यामुळे बिचारा मॉडरेट हा शब्द फार राबतो. त्यात मी बाई. मी सिव्हिअर म्हटलं, की ‘मॅडम घाबरल्या’ हे ठरलेलंच. सुरुवातीच्या काळात लाइटच्या खाली एखादा शब्द असता तर मी तोही वापरला असता.

हा माझा रोग कॅप्टन धोंडीराम यांच्या लक्षात आला.

१९९६ साली नाशिकमध्ये गोदा एअर नावाची कंपनी निघाली होती. कंपनी म्हणजे राजशेठ, त्यांचं नऊ सीटांचं, दोन पंख्यांचं विमान, आम्ही दोघं पायलट आणि तिकिटं लिहायचं एक टेबल. राजशेठ द्राक्षं परदेशी पाठवायचे; त्यात बरकत आली तशी त्यांना विमानाची हौस आली. नाशिकच्याच गांधीनगरच्या धावपट्टीवरून सकाळी मुंबईला जायचं, दुपारी परत यायचं. शनिवारी संध्याकाळी आणखी एक फेरी असायची. ती मुंबईला मुक्कामी जायची आणि रविवारी सकाळी परतायची. मखमलाबादच्या माळ्याची मुलगी पायलट कशी झाली, ही गोष्ट लोकांना ऐकायची असते. ती मी पुन्हा कधीतरी सांगेन, आज नाही.

ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. कुंपणातून शेळ्या आत यायच्या आणि मी त्यांना हाकलल्याशिवाय विमान हलायचं नाही. थंडीत सकाळी काचेवर दव असायचं, ते कॅप्टन आपल्या मफलरनं पुसायचे. गंगापूर रोडला तेव्हा इमारती नव्हत्या, मळे होते. वर चढलं की धरण दिसायचं, रामशेज किल्ला दिसायचा, आणि रामशेजच्या अलीकडे आमचं मखमलाबाद, त्यात आमचं गुलाबाचं वावर रुमालाएवढं. तात्या, म्हणजे माझे वडील भिमाजी, विमानाचा आवाज आला की वावरात उभे राहून टोपी काढून हलवायचे. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही. पण संध्याकाळी त्यांनी विचारलं, “दिसलो का गं?” की मी म्हणायचे, “दिसलात की!” रोज विचारायचे आणि मी रोज हो म्हणायचे.

कॅप्टन धोंडीराम वणीजवळच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. हवाई दलात उमेदीची वर्षं गेली, तिथून निवृत्त होऊन राजशेठकडे आलेले. अंगानं काटक, पांढऱ्या मिशा, खिशात कायम बडीशेप. रेडिओवर त्यांचं इंग्रजी ऐकून वाटायचं, की कोणी मोठा साहेब बोलतोय. माइकचं बटण सोडलं की लगेच वणी सुरू. प्रवाशांच्या बॅगा ते स्वतः चढवायचे. एका बाईंनी त्यांना हमाल समजून हातावर दोन रुपये ठेवले होते. त्यांनी ते निमूट खिशात टाकले आणि पुढे जाऊन विमान चालवायला बसले. बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

मी रुजू झाले त्या आठवड्यातच एकदा घाटावर विमान हललं. त्यांनी विचारलं, “काय सांगशील रेडिओवर?”

मी म्हटलं, “सर, मला तर लाइट वाटलं.”

“वाटलं?” ते म्हणाले. “वाटणं गेलं चुलीत. तुला वाटंल एक, मला वाटंल दुसरं. मागच्याला आपल्या वाटण्याचं काय करायचंय? काय पडलं ते सांग.”

मग त्यांनी मला शिकवलं. पट्टा अंगाला जरासा लागला, कपातला चहा थरथरला, तर लाइट. पट्ट्यानं चांगलं ओढून धरलं, न बांधलेल्या वस्तू घसरल्या, माणसाला उभं राहता आलं नाही, तर मॉडरेट. पट्टा खांद्यात रुतला, वस्तू उडाल्या, सुया वाचता येईनात आणि एक क्षणभर का होईना विमानानं तुझं ऐकलं नाही, तर सिव्हिअर. मग तू कितीही वाघीण असलीस तरी सिव्हिअर. मी विचारलं, आणि एक्स्ट्रीम? ते म्हणाले, “ते झालं तर सांगायला आपण शिल्लक पाहिजे ना बाई!”

तेव्हापासून विमान हललं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “काय पडलं?” आणि मी शाळेतल्या मुलीसारखी मोजून सांगायची: पेन्सिल घसरली, नकाशा पडला, तिसऱ्या सीटवरच्या काकांचा चष्मा नाकावरून खाली आला.

आणखी एक नियम इथंच सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. सिव्हिअर हा शब्द विमानाच्या वहीत लिहिला, की इंजिनिअरनं पंख, शेपटी, बोल्ट, सगळं उघडून तपासल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवता येत नाही. मोठ्या कंपनीला त्याचं काही वाटत नाही, एक विमान उभं राहिलं तर दुसरं काढतात. राजशेठकडे दुसरं नव्हतं. इंजिनिअर मुंबईहून यायचा. म्हणजे सिव्हिअर लिहिलं की चार दिवस दुकान बंद. म्हणून राजशेठ आम्हाला हसत हसत म्हणायचे, “आपल्या विमानाला मॉडरेटच्या वर काही होत नाही बरं का.”

एप्रिल १९९८. एका शनिवारच्या फेरीला तीन सीटा रिकाम्या होत्या, आणि राजशेठ खुशीत होते. म्हणाले, “हर्षाली, तुझ्या घरच्यांना घेऊन जा. आई-वडिलांना मुंबई दाखवून आण.”

मी घरी सांगितलं आणि आमच्या घराचं लग्नघर झालं. तात्यांना खूप दिवस हेच हवं होतं. ते कधी तोंडानं बोलले नव्हते, पण मला पायलट करताना या माणसानं सगळ्या भावकीची बोलणी खाल्ली होती, आणि पोरगी चालवतेय त्या विमानात एकदा बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन दिवसांत सगळ्या मखमलाबादला माहीत झालं. मार्केट यार्डात हमालांनाही माहीत झालं. आईनं, चतुराबाईनं, ठेवणीतलं लुगडं काढलं. गोजराआत्या म्हणाली, “मी बी येणार, आन् इमानाम्होरं नारळ फोडणार.” मी सांगितलं की फिरत्या पंख्यासमोर नारळ फोडायचा नसतो. तिला ते पटलं नाही.

त्या शनिवारी सकाळी आम्ही मुंबईला गेलो. साडेतीनला परत निघालो. मागे सहा प्रवासी. तात्या, आई आणि आत्या कोथिंबिरीच्या टेंपोत बसून दुपारी बारालाच गांधीनगरला येऊन बसलेत, हे मला मुंबईहून फोन लावला तेव्हा कळलं होतं. फेरी साडेपाचची होती.

पश्चिमेचा वारा सुटलेला होता. विमान कॅप्टन चालवत होते आणि रेडिओ माझ्याकडे होता. घाटमाथा ओलांडला आणि इगतपुरीच्या पलीकडच्या अंगाला आलो, तोच खालून कोणी दणका द्यावा तसं विमान वर उचललं गेलं आणि दुसऱ्याच क्षणी आदळल्यासारखं खाली गेलं. पट्टा माझ्या खांद्यात असा रुतला की पुढे आठवडाभर वळ होता. हातातलं पेन गेलं. कुठं गेलं ते कळलंच नाही. समोरच्या सुया नुसत्या थरथरणाऱ्या रेघा झाल्या. उजवा पंख खाली गेला. कॅप्टननी चाक पूर्ण डावीकडे वळवलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते, आणि तरी पंख खालीच चालला होता. एक क्षण, दोन क्षण. मग विमानानं ऐकलं आणि ते सरळ झालं. पुढे मिनिटभर चांगलंच हलत राहिलो, मग हवा शांत झाली.

मागे कोणीतरी ओकत होतं. कोणीतरी देवीचं नाव घेत होतं.

तेवढ्यात रेडिओवर आवाज आला. आमच्या मागे बारा मिनिटांवर एक चार सीटांचं शिकाऊ विमान होतं, त्याच वाटेनं नाशिकला येणारं. त्यातला शिक्षक विचारत होता, पुढे हवा कशी आहे?

मी बटण दाबलं. जागा सांगितली, उंची सांगितली, आमचं विमान सांगितलं आणि म्हटलं, “मॉडरेट.”

मी बावरले होते म्हणून बोलले असं नाही. मला सगळं लख्ख कळलं होतं. सिव्हिअर म्हटलं की वहीत लिहावं लागणार, लिहिलं की विमान उभं राहणार, आणि तात्या इस्त्रीची टोपी घालून खाली बसलेत. हे सगळं बटण दाबायच्या आत माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं.

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघतच विचारलं, “काय पडलं?”

“नकाशा पडला, सर.”

“पेन कुठं हाय तुझं?”

मी पायाशी शोधू लागले.

“सुया वाचल्या का?”

“थोड्या वाचता आल्या.”

“थोड्या,” ते म्हणाले. “आन् माझं चाक डावीकडं होतं, पंख कुठं होता?”

मी म्हटलं, “सर, तात्या आलेत.” आणि मला रडू फुटलं. पायलटच्या सीटवर बसून, नोकरीत. आज सांगतानाही कान गरम होतात.

“मला ठाव हाय,” ते म्हणाले. त्यांनी स्वतः माइकचं बटण दाबलं आणि त्या साहेबी इंग्रजीत सांगितलं, आधीचा शब्द दुरुस्त करून घ्या, सिव्हिअर. त्या शिकाऊ विमानानं आभार मानले आणि ते उत्तरेला वळलं, पेठच्या अंगानं वळसा घालून आलं. नंतर तो शिक्षक कुरकुरला म्हणे, की उगाच पाऊण तास गेला. सरळ आला असता तर त्याचं काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आम्ही उतरलो. विमान थांबलं तशी गोजराआत्या नारळ घेऊन कुंपणापाशी उभी राहिली. तिच्या शेजारी आई, आणि आईच्या मागे तात्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, सकाळीच गुळगुळीत दाढी केलेले. हात वर करत होते. या वेळी ते मला खरोखर दिसत होते.

प्रवासी उतरले. एकाच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं; पट्टा बांधा म्हणून मी दोनदा सांगितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. राजशेठ धावत आले. कॅप्टन सीटवरच बसून वही लिहीत होते. राजशेठ खिडकीशी हात जोडून उभे राहिले. “कॅप्टन, मॉडरेट लिहा ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. संध्याकाळची माणसं येऊन बसलीत. हिचे वडील आलेत, त्यांच्याकडे तरी बघा.”

कॅप्टननी लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग खाली उतरले आणि थेट तात्यांसमोर गेले. “आज नाय जमायचं, दादा. इमान तपासावं लागंल.”

तात्या हसले. “नाय तर नाय. पोरगी सुखरूप आली ना, झालं की.”

आणलेला नारळ परत न्यायचा नसतो म्हणून आत्यानं तो गेटवरच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं, राजशेठनासुद्धा. त्यांनी ते हातात धरून ठेवलं. कोथिंबिरीचा टेंपो केव्हाच निघून गेला होता, म्हणून आम्ही चौघं रिक्षातून घरी आलो. घरी आल्यावर मी तोंड सोडलं. म्हाताऱ्याला उगाच खुसपटं काढायची सवय आहे, धक्के मॉडरेटच होते, मी रेडिओवर तसं सांगितलंही होतं, यानं मुद्दाम सिव्हिअर केलं, असं मी ओसरीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं. आई आणि आत्यानं कॅप्टनना शिव्या घातल्या. तात्या पायातल्या नव्या वहाणा काढत होते. त्यांनी नुसतं ऐकलं.

इंजिनिअर आला. चार दिवस त्यानं विमानाचा बोल्ट न् बोल्ट तपासला. काही निघालं नाही. एक खिळासुद्धा ढिला नव्हता. मी कॅप्टनना गाठून म्हटलं, “पाहिलंत? काही निघालं नाही.”

ते म्हणाले, “निघालं नाय हे तपासल्यावर कळलं ना?”

या उत्तरानं मला जास्तच संताप आला. पुढच्याच आठवड्यात राजशेठनी त्यांना काढलं. ते वणीला निघून गेले आणि मी त्यांना निरोपही दिला नाही. त्या चार दिवसांत रोजच्या प्रवाशांनी गाड्या धरल्या होत्या, ते परत फिरकले नाहीत. दिवाळीच्या आत गोदा एअर बंद पडली. राजशेठ पुन्हा द्राक्षांकडे वळले आणि मला दिल्लीला मोठ्या कंपनीत नोकरी लागली.

गावानं तात्यांना सुखानं बसू दिलं नाही. पारावर कोणी ना कोणी विचारायचंच, “काय भिमाजी, ममई कशी काय वाटली?” तात्या म्हणायचे, “लय उंच हाय बाबा, शिडी पुरली नाय.” सगळे हसायचे, तेही हसायचे. मला ते ऐकून मरणाचं वाईट वाटायचं. मी ठरवलं, की या माणसाला मोठ्या जेटमधून फिरवायचं, तेही पुढच्या रांगेत खिडकीशी बसवून.

पण तात्या येईनात. नोकरीत माणसांना घरच्यांसाठी तिकीट मिळतं, ते मी दर वर्षी काढायची आणि ते दर वर्षी वाया जायचं. कधी गुलाबाला भाव होता, कधी लग्नसराई होती, कधी वीज रात्रीची असल्यानं पाणी भरायचं होतं. एकदा तर म्हणाले, म्हैस दुसऱ्याला दूध काढू देत नाही. मी आईला विचारलं, तर तिलाही काही सांगता येईना. ती बिचारी एकदा एकटी आली, माझ्या विमानात बसली आणि दोन तास डोळे मिटून राहिली. मग मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं: त्या दिवशी लोक हिरवेपिवळे होऊन उतरताना पाहिले, तेव्हाच तात्यांनी धसका घेतला. आणि त्या धसक्याचं खापर मी कॅप्टन धोंडीरामांवर फोडलं. त्यांनी गुपचूप मॉडरेट लिहिलं असतं तर माझा बाप त्याच संध्याकाळी वर गेला असता, आणि सगळं आयुष्यभरासाठी नीट झालं असतं.

२००३ च्या दसऱ्याआधी, झेंडूची तोड सुरू असताना, तात्या वावरातच गेले. मी कोलकात्याला होते. विमानानं आले तरी उशीर झाला.

२००६ मध्ये मी कॅप्टन झाले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी बंगालच्या उपसागरावर विमान चांगलंच हललं. माझ्या शेजारी ज्ञानेश नावाचा नवा मुलगा होता, हुशार, केसांना जेल लावणारा. त्यानं बटणाकडे हात नेला आणि मला म्हणाला, “मॅडम, लाइट सांगतो.” त्याच्या शर्टावर कॉलरपासून पट्ट्यापर्यंत कॉफी होती. आणि माझ्या तोंडून निघालं, “काय पडलं?”

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मला स्वतःचाच आवाज ऐकून कसंसं झालं. आठ वर्षं मी ज्या माणसाला शिव्या देत होते, त्याच्याच शब्दांवर माझी सगळी नोकरी चालली होती.

पुढच्या सुट्टीत निमाणी स्टँडवरून एस.टी. पकडून मी वणीला गेले. कॅप्टनचं घर विचारावं लागलं नाही. “इमानवाले बाबा” म्हटलं की लहान पोरंही बोट दाखवत होती. ओट्यावर टोमॅटोचा ढीग होता आणि कॅप्टन धोंडीराम मांडी घालून टोमॅटो निवडत होते. मिशा होत्या तशाच, बाकी माणूस अर्धा झाला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. आत ओरडून सांगितलं, “तानुबाई, च्या टाका, कॅप्टन आल्यात!” मी कॅप्टन झाले हे त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे.

मी बसले. काय बोलायचं ते एस.टी.त चार वेळा घोकलं होतं, तरी भलतंच बोलले. म्हटलं, “सर, माझं चुकलं होतं. ते सिव्हिअरच होतं. पण तात्या शेवटपर्यंत विमानात बसले नाहीत हो. घाबरले त्या दिवशी, ते कायमचेच. त्याचा राग मी तुमच्यावर काढला.”

त्यांच्या हातातला टोमॅटो हातातच राहिला.

“घाबरला? कोण, भिमाजी?” ते म्हणाले. “तो आला होता माझ्याकडं. तुला ठाव नाय?”

“कधी?”

“दुसऱ्याच दिशी. सकाळी सायकलवर, गांधीनगरला. मला वाटलं, भांडायला आला. तर म्हणला, साहेब, धक्के खरंच तेवढे होते का? म्हणलं, होते. तर म्हणतो, मंग माझ्या पोरीला कसे कळले नाय? ती तर घरी म्हणती, थोडेच होते.” कॅप्टननी हातातला टोमॅटो फिरवला. “आता बापाशी काय खोटं बोलायचं? म्हणलं, भिमाजी, तिला माझ्याइतकेच कळले. पण तुम्ही खाली उभे होता.”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

“मंग मी म्हणलं, चार दिसांनी इमान तयार हुईल, राजशेठला मी सांगतो, तुम्ही बसून या. तर नाय म्हणला. म्हणला, मी बसणार म्हणून पोरगी खोटं बोलली. मी एकदा बसणार, ती रोज बसती. तिच्या मागं अजून माणसं असत्यात. आता तिच्या इमानात मी कधीच बसायचा नाय.” कॅप्टननी टोमॅटो खाली ठेवला. “जाताना सायकलवर बसला आन् परत उतरून आला. म्हणला, तिला सांगू नका साहेब, तिला वाटंल मी रुसलो. तिनं हवेकडं बघावं. माझ्याकडं नको.”

तानुबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी त्या ओट्यावर बसून, भर दुपारी, मोठ्यानं रडत होते.